तीस दिवसांत कादंबरीचा कच्चा खर्डा : वाचकांचे प्रश्न

महिनाभर रोज ठरावीक शब्द लिहायचे आणि तिसाव्या दिवशी कादंबरीचा पहिला खर्डा पुरा करायचा, या उपक्रमाबद्दल प्रश्न पाठवा असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

हे खूळ आलं कुठून, असं अनेकांनी विचारलं आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बॅटी आणि त्याचे मित्र असे २१ जण महिनाभरात कादंबरी लिहायला बसले. पुढच्या वर्षी त्यांनी नोव्हेंबर धरला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा वाईट असते आणि माणसं घरात बसतात. ३० दिवसांत ५०,००० शब्द ही अट ‘नॅनोरायमो’ (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) या नावाने जगभर पसरली. ती चालवणारी संस्था बंद होत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. तेव्हा आता नाव नोंदवायला आणि रोजचा आकडा भरायला तिथे जाण्यात अर्थ नाही. वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर एवढ्यावर भागवायचं आहे, आणि ते छान भागतं.

प्रश्न : ५०,००० शब्दांचं लक्ष्य मराठीतही तेवढंच धरायचं का? त्या हिशेबाने रोज १,६६७ शब्द होतात. चार दिवस प्रयत्न केला, नऊशेच्या वर गेलो नाही. — बँक कर्मचारी, इंदिरानगर

तेवढंच धरू नका. तो आकडा इंग्रजीसाठी ठरलेला आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून बसतात. ‘टेबलावरच्या डब्यातली चावी त्याने खिशात टाकली’ या वाक्यात ६ शब्द आहेत. हेच इंग्रजीत सरळ सांगायला १३ लागतात. प्रत्येक वाक्यात एवढी तफावत पडत नाही, संवादांत तर ती बरीच कमी असते. पण अख्ख्या कादंबरीचा विचार केला तर मराठीत ४०,००० शब्द पुरेसे आहेत असं आमचं मत आहे. डेमी आकाराच्या छापील पुस्तकात त्याची साधारण दीडशे पानं होतात. ती पूर्ण कादंबरी आहे. रोजचा वाटा येतो १,३३४ शब्दांचा.

तुमचे नऊशे शब्द किती वेळात झाले, हे पत्रात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. महिना सुरू होण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी, तुम्ही खरोखर ज्या वेळेला लिहिणार आहात त्याच वेळेला, घड्याळ लावून वीस-वीस मिनिटं लिहा. तिन्ही वेळचे शब्द मोजून सरासरी काढा. समजा ती २४० आली, तर ताशी ७२० शब्द झाले आणि १,३३४ शब्दांना १ तास ५१ मिनिटं लागणार. एवढा वेळ रोज निघतो का, हे कागदावर पाहा. सकाळी ऑफिसला निघण्याआधी एक तास आणि रात्री जेवणानंतर पाऊण तास, अशी फोड बहुतेक नोकरदारांना जमते. वेळ निघतच नसेल तर लक्ष्य ३०,००० वर आणा. मात्र ते पहिल्या तारखेच्या आधी ठरवा. दहाव्या दिवशी लक्ष्य कमी केलं की विसाव्या दिवशीही ते कमी करावंसं वाटतं.

प्रश्न : आधी किती ठरवून ठेवायचं? मला फक्त सुरुवात सुचली आहे. — गृहिणी, गंगापूर रोड

सुरुवात सगळ्यांनाच सुचते. लिहायला बसण्याआधी शेवट एका वाक्यात लिहून ठेवा: कोणाला काय मिळालं किंवा कोणाच्या हातून काय गेलं. तो पुढे बदलला तरी चालेल. आज चालायला दिशा लागते, तेवढ्यासाठी तो हवा. मग सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये चार-पाच ठिकाणं अशी नोंदवा, की जिथून मुख्य पात्राला मागे फिरता येणार नाही. उरलेलं रोजच्या रोज सुचू द्या. प्रसंग सरासरी हजार शब्दांचा धरला तर चाळीस प्रसंग लागतात. ते सगळे आधीच आखत बसलात तर महिना आखण्यातच संपेल.

पण एक गोष्ट आधी कराच, आणि ती मराठीत फार महत्त्वाची आहे. पात्रांचा एक तक्ता करा. नाव, वय, जन्मसाल, काम, आणि शेवटच्या रकान्यात कोण कोणाला काय म्हणतं. सून सासऱ्यांना ‘बाबा’ म्हणते की ‘मामा’? नवऱ्याला ‘अहो’ म्हणते की नावाने हाक मारते? मोठा भाऊ ‘दादा’ की ‘अण्णा’? पहिल्या आठवड्यात ‘अहो’ म्हणणारी बायको तिसऱ्या आठवड्यात ‘अरे’ म्हणू लागते आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. इंग्रजीत असली चूक एका नावापुरती राहते. मराठीत तिच्याबरोबर क्रियापद, सर्वनाम, सगळंच बदलावं लागतं, म्हणजे दुसऱ्या खर्ड्यात पानंच्या पानं दुरुस्त करत बसायचं. निवेदन भूतकाळात की वर्तमानात, निवेदकाची भाषा प्रमाण की बोली, हेही त्याच कागदावर लिहून तो डोळ्यासमोर लावून ठेवा.

प्रश्न : दिवाळी, पाहुणे, फराळ, शाळेचं काम. नोव्हेंबर कसा जमवायचा? — शिक्षिका, पंचवटी

नोव्हेंबरचा आग्रह सोडून द्या. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पहिला पंधरवडा तुमच्या हातात नाही. १५ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर हे बरोबर तीस दिवस होतात, थंडीही पडलेली असते. त्यातही रोज लिहिणं होणार नाही असं धरूनच चाला. पाच दिवस सुट्टीचे मानून २५ दिवसांवर हिशेब केला तर रोजचे १,६०० शब्द होतात. हे पाच दिवस कोणते, ते आत्ताच कॅलेंडरवर खुणेने दाखवा. लग्न, मुलाची परीक्षा, शाळेचं स्नेहसंमेलन, जे माहीत आहे ते सगळं. ठरवून घेतलेली सुट्टी मनाला लागत नाही. अचानक बुडालेला दिवस मात्र पुढचे दोन दिवस खातो.

तरीही दिवस बुडालेच, तर भरपाई एका रविवारी करायला जाऊ नका. १,३३४ च्या हिशेबात तीन दिवस बुडाले तर ४,००० शब्द मागे पडलात. ते पुढच्या दहा दिवसांवर ४००-४०० असे पसरा. रविवारी एका बैठकीत ४,००० शब्द लिहिणाऱ्याचा सोमवार कोरा जातो, हे ठरलेलं आहे.

घरच्यांना महिना सांगू नका, वेळ सांगा. ‘मी नोव्हेंबरभर लिहिणार आहे’ याचा अर्थ घरात कोणालाच नीट कळत नाही. ‘साडेपाच ते सात माझ्या खोलीचं दार लावलेलं असेल’ हे मात्र सासूबाईंपासून मुलापर्यंत सगळ्यांना कळतं.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर नोव्हेंबरात फवारणी, फेलफुटी, विरळणी, डिपिंग यातून मान वर करायला वेळ नसतो. बागेचं काम त्यातल्या त्यात हलकं असतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. — द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

मग १५ जुलै ते १३ ऑगस्ट. तेही तीसच दिवस आहेत. पावसात वीज जाते, तेव्हा वहीत लिहा. नोव्हेंबरात फक्त एक खिशात मावणारी डायरी बाळगा आणि रोज पाच ओळी टिपा: मजुरांच्या टोळीतलं एखादं बोलणं, पहाटे ढग आले की घरात कोण काय म्हणतं, व्यापारी सौद्याला आला की कसा बसतो. जुलैत या डायरीइतका दुसऱ्या कशाचाच आधार होणार नाही.

प्रश्न : मला टाइप करता येत नाही. हाताने लिहिलं तर शब्द मोजायचे कसे? — निवृत्त कर्मचारी, नाशिक रोड

सगळे शब्द मोजायची गरज नाही. तुमच्या नेहमीच्या अक्षरात पाच पूर्ण पानं लिहा, त्यांचे शब्द मोजा, पाचाने भागा. लाँगबुकच्या एका पानावर २६ ओळी आणि ओळीत ८ शब्द बसत असतील तर पान २०८ शब्दांचं झालं. रोज साडेसहा पानं लिहिली की वाटा पुरा, आणि एकूण १९२ पानं. पाच पानं निवडताना संवादांची आणि वर्णनाची अशी मिसळ घ्या. संवादाच्या पानावर अर्ध्या ओळी रिकाम्या असतात.

उजव्या पानावरच लिहा, डावं पान कोरं ठेवा. नंतर सुचलेली भर, पात्राचं बदललेलं नाव, ‘इथे पाऊस आधी सुरू झाला होता’ अशा सूचना डाव्या पानावर जातात आणि मजकुरात खाडाखोड होत नाही. अशाने २०० पानी दोन वह्या लागतील. प्रत्येक पानाला क्रमांक घाला, कारण पुढे टायपिंगला दिल्यावर सुटी झालेली पानं लावत बसणं हे मोठं संकट असतं. रोज रात्री त्या दिवशीच्या पानांचे फोनवर फोटो काढा आणि मुलाला किंवा सुनेला पाठवा. वही हरवते, पाण्यात पडते, रद्दीत जाते. पुन्हा लिहायचं म्हटलं तर तेच शब्द परत येत नाहीत. दर अर्ध्या तासाने पेन खाली ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर दुसऱ्या दिवशी वाटा अर्धा करा, दुखण्यावर जोर करू नका.

प्रश्न : सकाळी कालचं वाचते, आवडत नाही, पुन्हा लिहिते. नऊ दिवसांत ६,००० वर अडकले आहे. — सिडको

कालच्या मजकुरातल्या शेवटच्या दहाच ओळी वाचायच्या, त्यावर नाही. फाइल रोज नवी उघडा, नावात तारीख घाला, म्हणजे जुनं समोर येणारच नाही. चूक आठवली तर आजच्या फाइलमध्ये ‘झझ’ लिहून पुढे सूचना लिहा: ‘झझ मावशीचं गाव सिन्नर करायचं’. ‘झझ’ कुठल्याच मराठी शब्दात येत नाही, त्यामुळे महिन्याअखेरीस तेवढं शोधलं की सगळ्या सूचना एका जागी सापडतात. एखाद्या पात्राचं नाव, रस्ता, कामाची माहिती आठवत नसेल तर तिथेही ‘झझ’ टाकून पुढे जा. ‘पाच मिनिटांत शोधतो’ म्हणून फोन उघडला की तास जातो. ऱ्हस्व-दीर्घाकडेही या महिन्यात पाहू नका. ते काम नंतर एकदाच आणि नीट होतं.

आणि या महिन्यात कादंबरी चांगली होणार नाही, हे मान्य करून बसा. या महिन्याचं काम ती शेवटपर्यंत नेण्याचं आहे. शेवट माहीत झाल्याशिवाय सुरुवात सुधारता येत नाही, कारण कशाची सुरुवात करायची आहे तेच ठाऊक नसतं.

प्रश्न : माझ्या कादंबरीत पुण्यात नोकरी करणारी मुलगी जुन्या नाशकातला वाडा विकला जाऊ नये म्हणून परत येते. बारा दिवसांत १७,००० शब्द झाले, पण गोष्ट पुढे सरकत नाही. वाड्याचं वर्णन, लहानपणच्या आठवणी, काकूशी गप्पा यातच फिरते आहे. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

बारा दिवसांचा वाटा १६,००८ होतो, तुम्ही त्याच्या पुढेच आहात. हात उत्तम चालतो आहे. अडलं आहे ते दुसरीकडे, आणि बाराव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान जवळजवळ सगळ्यांचं तिथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न विचारा. इथे कोणाला काय हवं आहे? त्याला कोण अडवतं आहे? प्रसंग संपताना काय बदललं? तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ आलं तर तो प्रसंग कितीही सुरेख लिहिलेला असला तरी गोष्ट जागची हलत नाही. तुमच्या पत्रातल्या तिन्ही गोष्टी, वर्णन, आठवणी, गप्पा, अशाच आहेत. आठवण मागे नेते आणि वाचक तर पुढे काय होणार याची वाट पाहत असतो. दुसरं असं, की काकू मुलीच्या बाजूची आहे, दोघींचं सगळ्यावर एकमत आहे. एकमत झालेल्या माणसांच्या बोलण्यातून प्रसंग उभा राहत नाही.

आता काकूचाच प्रसंग घेऊ. दोघी चौकात चहा घेत आहेत. हे तसंच राहू द्या. फक्त एवढं ठरवा की काकांनी बिल्डरकडून इसार घेऊन ठेवला आहे. प्रॉपर्टी कार्डावर मुलीच्या आईचंही नाव आहे, त्यामुळे आईचा हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही. ती तारीख सोमवारची ठरली आहे. काकूला हे सगळं माहीत आहे आणि तिला बोलायला मनाई केलेली आहे. आता ती चहाचा डबा फळीवर परत ठेवते. डब्याखालचा घडी घातलेला कागद उचलते, पदराखाली घेते आणि ‘साखर घालू का गं अजून?’ म्हणते. मुलगी कागदावरचा शिक्का पाहते. तिने पाहिलं हे काकूला कळतं. दोघीही चहा संपवतात.

यात भांडण नाही, आरडाओरडा नाही. तरी प्रसंगाच्या सुरुवातीला मुलीला काकूचा आधार होता आणि शेवटी तो उरला नाही. एवढा बदल पुरतो. शिवाय पुढचे तीन प्रसंग आपोआप हाती आले: मुलगी आईला फोन करून सहीबद्दल विचारते, काका घरी येतात तेव्हा काकू काय करते, आणि सोमवार सकाळ. ‘सोमवार’ हा शब्द फार उपयोगी आहे. कथानकात तारीख आली की वाचक दिवस मोजायला लागतो आणि लिहिणाऱ्यालाही भटकायला जागा उरत नाही.

लिहिलेले १७,००० शब्द पुसू नका. त्यातल्या आठवणी नंतर चार-चार ओळींनी वेगवेगळ्या प्रसंगांत जातील, प्रत्येकीला समोरची एखादी वस्तू निमित्त लागेल: कोनाडा, दिंडीदरवाज्याची कडी, विहिरीवरचा रहाट. आजपासून रोज लिहून उठण्याआधी उद्याच्या प्रसंगाची ही तीन उत्तरं तीन ओळींत लिहून ठेवा. सकाळी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

प्रश्न : बोलून लिहिलं तर चालेल का? माझी पात्रं अहिराणी बोलतात. — सटाणा

चालेल. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा निवडून माइकचं बटण दाबलं की बोललेलं उमटतं. निवेदनासाठी हे फार वेगवान पडतं. अडचण संवादांत येईल. फोनला अहिराणी कळत नाही, त्यामुळे ‘जाई ऱ्हायना’ असं काही ऐकलं की तो जवळचा एखादा प्रमाण मराठी शब्द ठोकून देतो. दोन दिवसांनी वाचताना मूळ काय बोललो होतो तेही आठवत नाही, आणि कादंबरीचा जीव असलेली बोली तिथेच जाते. म्हणून निवेदन बोलून लिहा, संवाद हाताने टाइप करा. तेही जमत नसेल तर दुसऱ्या फोनवर आवाज साधा रेकॉर्ड करून ठेवा आणि त्याच रात्री संवाद ऐकून दुरुस्त करा.

एका दमात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. विरामचिन्हं बहुतेक येत नाहीत, आणि लांबलचक सलग मजकुरात वाक्य कुठे तोडायचं ते नंतर कळत नाही. शिवाय बोलताना माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगतो. बोलून झालेल्या दीड हजारांतले तीनेकशे शब्द दुसऱ्या खर्ड्यात गळतील असं धरा.

प्रश्न : मी वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप करतो. बदलायला हवं का? — टंकलेखक, शालिमार

हो, आणि महिना सुरू होण्याआधी. जुन्या फाँटमधली फाइल फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, शोधसुविधाही नीट चालत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हात बसायला काही आठवडे लागतात, म्हणून तो महिना यात घालवू नका. तुमच्या हाताला सवय असलेला कळफलक देणारं युनिकोड साधन घ्या. रोजची फाइल संगणकावर एक, पेनड्राइव्हवर एक, आणि स्वतःलाच ईमेलने एक, अशा तीन जागी ठेवा.

प्रश्न : एकट्याने होत नाही. गट करावा का, आणि बसायचं कुठे? — तीन मैत्रिणी, नाशिक

चार-पाच जणांचा गट उत्तम. २५ मिनिटं लिहायचं, ५ मिनिटं थांबायचं, असे तीन फेरे. ताशी ७२० चा वेग असेल तर एका बैठकीत ९०० शब्द होतात. नियम एकच पाळा: महिना संपेपर्यंत एकमेकींचा मजकूर वाचायचा नाही. फक्त आकडा सांगायचा. खर्ड्यावरचं कौतुक आणि टीका दोन्ही या काळात घातक असतात, कारण दुसऱ्या दिवशी माणूस गोष्टीसाठी लिहायचं सोडून मैत्रिणीसाठी लिहू लागतो.

नाशिकला १८४० पासूनची सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे. सावानाच्या (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) किंवा तुमच्या भागातल्या अभ्यासिकेच्या वेळा आधी चौकशी करून घ्या. अभ्यासिकेत कीबोर्डचा आवाज चालत नाही, तिथे वही न्या. घरी बसणार असाल तर पाळीपाळीने एकीच्या घरी, आणि चहा तीन फेरे झाल्यावरच.

प्रश्न : शब्द भरायला एआयकडून एखादा प्रसंग लिहून घेतला तर? — द्वारका

मग त्या दिवशी लिहिणं झालं नाही, असं वहीत मांडा. हा आकडा तुम्ही गोष्टीत किती वेळ राहिलात हे मोजण्यासाठी आहे. काकूने कागद पदराखाली घेतला, हे सुचतं ते त्या चौकात तासभर बसल्यावर. तो तास दुसऱ्याला देऊ नका.

प्रश्न : सव्विसावा दिवस, २८,००० शब्द. चार दिवसांत १२,००० होणार नाहीत. सोडून देऊ? — सातपूर

सोडू नका. पण १२,००० च्या मागेही लागू नका. आज बसाल तेव्हा मधलं सगळं टाकून शेवटचा प्रसंग लिहा. पूर्ण लिहा, संवादांसह. उद्या त्याच्या आधीचा प्रसंग. परवा मधल्या प्रत्येक गाळलेल्या प्रसंगासाठी पाच वाक्यं: कोण, कुठे, काय हवं, काय अडलं, काय बदललं. शेवटच्या दिवशी त्यातले जे दोन प्रसंग सर्वांत ओढ लावतील ते पूर्ण करा. तुमच्या हाती ३२-३३ हजार शब्द आणि सुरुवात ते शेवट अशी सलग गोष्ट असेल. शेवट नसलेल्या ४०,००० शब्दांपेक्षा हा खर्डा कितीतरी पुढे आहे.

प्रश्न : महिना संपला. आता? दिवाळी अंकाला पाठवता येईल का? — अनेक वाचक

आत्ता कोणालाच पाठवू नका. चार आठवडे फाइल उघडू नका, वही कपाटात ठेवा. मग ए-फोर कागदावर, एका बाजूला, ओळींत अंतर ठेवून छापून घ्या आणि स्पायरल बाइंडिंग करा. दोन दिवसांत, हातात पेन न घेता, सलग वाचून काढा. वाचून झाल्यावर प्रसंगांची यादी करा. प्रत्येक प्रसंगापुढे एका ओळीत काय बदललं ते लिहा. ज्यांच्यापुढे काही लिहिता येत नाही ते प्रसंग आधी काढा किंवा दुसऱ्यात मिसळा. त्यानंतर ‘झझ’च्या सूचना, मग संबोधनं आणि नाती, आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. हा क्रम उलटा केला तर पुढे कापायच्या पानांचं शुद्धलेखन तपासण्यात आठवडे जातात.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळी अंकांची चाल आहे. आजही नव्या लेखकाला वाचक मिळवून देणारी ही मोठी जागा आहे. मात्र ४०,००० शब्दांची कादंबरी अंकात मावत नाही. अंकाला लघुकादंबरी लागते आणि शब्दमर्यादा प्रत्येक संपादकाची वेगळी. डिसेंबरात पुरा झालेला खर्डा जानेवारीत वाचून फेब्रुवारी ते मे दुसऱ्यांदा लिहिला, तर जूनच्या सुरुवातीला संपादकांना एका पानाचा सारांश पाठवून शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख विचारता येते. सारांशात शेवट लपवू नका. संपादकाला तो माहीत असावाच लागतो.